'निमिटली'चा संधिगतवात प्रकल्प : अनुदानाने काय दिले, काय मागितले

चरकाचार्यांनी विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे दोन प्रकार वर्णिले आहेत. एक संधाय संभाषा, म्हणजे परस्परांविषयी आदर राखून, ज्ञानवृद्धीसाठी केलेली चर्चा. आणि दुसरी विगृह्य संभाषा, म्हणजे प्रतिपक्षास जिंकण्यासाठी केलेला वाद. आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक यांच्यात आपल्या देशात जी संभाषा झाली, ती बहुतांशी दुसऱ्या प्रकारची होती, हे सर्वज्ञात आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात मात्र भारत सरकारच्या निधीतून पहिल्या प्रकारच्या संभाषेचा एक मोठा प्रयोग झाला आणि त्याचे केंद्र महाराष्ट्रात, पुण्यात होते. वैद्य, संधिरोगतज्ज्ञ, वनस्पतितज्ज्ञ, रसायनशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ आणि औषधनिर्माते यांनी एकाच व्याधीसाठी, एकाच लिखित आराखड्याखाली काम केले. 'निमिटली' योजनेतील संधिगतवात प्रकल्प तो हाच.

या प्रकल्पाचा उल्लेख आपल्या परिषदांमधून अनेकदा होतो. तथापि तो बहुधा "आयुर्वेदीय औषध सेलेकोक्सिबच्या बरोबरीचे ठरले" या एका वाक्यावरच संपतो. त्या वाक्याच्या मागे व पुढे बरेच काही आहे. सहयोगी संशोधनासाठी मिळणारे शासकीय अनुदान नेमके काय देते, त्याच्या बदल्यात काय मागते आणि परभणीसारख्या जिल्ह्यातील वैद्याने व औषधी निर्मात्याने त्यातून काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्न कोठून उभा राहिला

परभणी, जिंतूर, गंगाखेड किंवा पालम येथील कोणत्याही वैद्याच्या बाह्यरुग्ण विभागात बसले असता संधिगतवाताचा रुग्ण दिवसातून अनेकदा समोर येतो. कापसाची वेचणी, खुरपणी, डोक्यावरचा भारा यांत आयुष्य गेलेली पन्नाशीची स्त्री "गुडघ्यातलं वंगण संपलं" एवढ्याच शब्दांत आपली व्यथा सांगते. बहुतेक वेळा ती आपल्याकडे येण्यापूर्वी गावातल्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेऊन आलेली असते आणि आम्लपित्ताची तक्रारही सोबत आणते.

हे दुखणे केवळ म्हातारपणाचे आणि म्हणून दुर्लक्षणीय आहे, ही समजूत दूर करण्याचे काम पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावाने केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुरस्काराने चालणाऱ्या 'कॉपकॉर्ड' या सर्वेक्षणपद्धतीनुसार, पुण्याच्या सेंटर फॉर र्‍हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून तेथे घरोघरी पाहणी केली. ४०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्क्यांना, सांधे-स्नायूंचे काही ना काही दुखणे असल्याचे तीत आढळले. मोठ्या रुग्णालयात न पोचणारा एवढा रुग्णवर्ग एका खेड्यात असेल, तर दीर्घकाळ घेता येईल असे, जठराला व वृक्काला न दुखावणारे औषध हवे, ही गरज त्यातून स्पष्ट झाली. असे औषध शोधायचे तर आपल्या वनौषधींकडे पाहणे क्रमप्राप्तच होते.

योजनेचे स्वरूप

'न्यू मिलेनियम इंडियन टेक्नॉलॉजी लीडरशिप इनिशिएटिव्ह', संक्षेपाने 'निमिटली', ही योजना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने २०००-०१ मध्ये सुरू केली. त्या वेळी परिषदेचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर होते. १९९५ ते २००६ या काळात त्यांनी हे पद भूषविले. हळदीच्या व्रणरोपक गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेलेले पेटंट याच परिषदेने पुराव्यानिशी आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करविले होते. परंपरेत असलेले ज्ञान लेखी, तपासण्यायोग्य स्वरूपात मांडले नाही तर ते आपले आहे हे सिद्ध करणेही कठीण जाते, हा धडा त्या प्रकरणाने दिला होता. आज हळदीच्या 'वसमत' या नावाला २०२४ पासून भौगोलिक मानांकन आहे आणि १ मे १९९९ पर्यंत वसमत आपल्याच जिल्ह्यात होते, हे लक्षात घेतले म्हणजे हा धडा आपल्यापासून किती जवळचा आहे ते कळते.

निमिटलीची आर्थिक रचना सरळ होती. विद्यापीठे, रुग्णालये व शासकीय प्रयोगशाळा यांना सहायक अनुदान, तर सहभागी उद्योगांना ३ टक्के व्याजाने सुलभ कर्ज. संशोधन फसले तर संस्थेचा निधी बुडीत धरायचा आणि उद्योगाने आपल्या वाट्याची जोखीम अंशतः तरी स्वीकारायची, असा त्यामागचा विचार. वनौषधींच्या क्षेत्रात संधिगतवात, मधुमेह आणि यकृद्विकार हे विषय निवडले गेले. त्यांपैकी संधिगतवात प्रकल्पाचे समन्वयक पुणे विद्यापीठातील प्रा. भूषण पटवर्धन होते, तर चिकित्सालयीन चाचण्यांचे नेतृत्व डॉ. चोप्रा यांच्याकडे होते. पुढे २००४ मध्ये आयुष विभाग, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद या तिघांनी मिळून 'सुवर्ण त्रिकोण' नावाने अशाच सहकार्याची वेगळी योजना आखली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या निधीसाठी कोणा एकट्या वैद्याला, एकट्या प्रयोगशाळेला किंवा एकट्या कंपनीला अर्ज करून चालणार नव्हते. तिघांनी एकत्र येणे ही पात्रतेचीच अट होती. अनुदानाने पैसा दिला हे खरे. पण त्याहीपूर्वी त्याने एकमेकांपासून अंतर राखून असलेल्या लोकांना एका टेबलाभोवती बसण्यास भाग पाडले.

कामाची रीत

रूढ औषधसंशोधनात प्रयोगशाळेत रेणू सापडतो, प्राण्यांवर तपासला जातो आणि सर्वांत शेवटी मनुष्यापर्यंत पोचतो. आयुर्वेदाच्या बाबतीत हा क्रम उलटा करता येतो, कारण मनुष्यावरील उपयोगाचा अनुभव आधीपासून हाताशी असतो. मुंबईचे डॉ. अशोक वैद्य यांनी पुरस्कारिलेली 'रिव्हर्स फार्माकॉलॉजी', म्हणजे रुग्णाकडून प्रयोगशाळेकडे जाणारी औषधविद्या, हीच या प्रकल्पाची वैचारिक बैठक होती.

त्यानुसार द्रव्यांची निवड आयुर्वेदीय विचाराने झाली. शुंठी, गुडूची, आमलकी, अश्वगंधा, शल्लकी ही नावे वाचकांना नवीन नाहीत. आम, अग्नी, वात आणि रसायन यांचा विचार करणारा कोणताही वैद्य याच द्रव्यांजवळ येईल. पुढचे काम मात्र वैद्याच्या एकट्याच्या आवाक्यातले नव्हते. प्रत्येक द्रव्याची ओळख पटविणे, त्याचा अर्क एकाच रीतीने काढणे, दर खेपेला तो तसाच उतरतो की नाही हे रासायनिक आलेखाने तपासणे आणि प्राण्यांवर सुरक्षितता पाहणे, ही कामे इतरांनी केली. शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी गुडघ्याच्या कूर्चेवर आमलकी व अश्वगंधा यांच्या अर्कांचा परिणाम पुण्यात अभ्यासला गेला. संधिगतवातात झिजणारा भाग तोच असल्याने या अभ्यासाला विशेष महत्त्व होते.

यानंतर मानवी चाचणी दोन टप्प्यांत झाली. पहिल्या, शोधक टप्प्यात २४५ रुग्णांचे सात गट केले. पाच गटांना पाच वेगवेगळे आयुर्वेदीय योग, एका गटाला ग्लुकोसमाइन आणि एका गटाला निष्क्रिय कॅप्सूल देऊन १६ आठवडे निरीक्षण केले. हा अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून जे योग आशादायक वाटले, त्यांच्यावर पुढचा मोठा अभ्यास बेतला गेला.

दुसऱ्या टप्प्यात ४४० रुग्ण होते आणि त्यांना चार गटांत विभागले होते. गुडूची, शुंठी, आमलकी व शल्लकी यांच्या अर्कांपासून केलेले दोन योग, ग्लुकोसमाइन सल्फेट दररोज २ ग्रॅम आणि सेलेकोक्सिब दररोज २०० मिलिग्रॅम असे हे चार गट. कालावधी २४ आठवड्यांचा. रुग्णाला आपण काय घेतो हे माहीत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही, अशी दुहेरी अंधपद्धती पाळली गेली. पुण्यासह मुंबई, दिल्ली आणि हैदराबाद येथील संधिरोगतज्ज्ञ यात सहभागी होते. निष्कर्ष २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या 'र्‍हुमॅटॉलॉजी' या नियतकालिकात छापून आले. आयुर्वेदीय योगांच्या चाचणीला तेथे स्थान मिळणे, ही त्या काळी सामान्य बाब नव्हती.

निष्कर्ष कसा वाचावा

चाचणीचा निष्कर्ष असा की, चालताना-उभे राहताना होणारी गुडघ्याची वेदना आणि हालचालींतील अडचण या दोन्ही बाबतींत आयुर्वेदीय योग ग्लुकोसमाइन व सेलेकोक्सिब यांच्याशी समतुल्य ठरले. 'समतुल्य' या शब्दाचा येथील अर्थ काटेकोर आहे. वेदनेचे माप दहा सेंटिमीटरच्या रेषेवर घेतात. दोन औषधांतील फरक दीड सेंटिमीटरच्या आत राहिला तरच ती समतुल्य मानायची, हे चाचणी सुरू होण्यापूर्वीच लिहून ठेवले होते. निकाल हाती आल्यावर सोयीची रेषा आखणे त्यामुळे शक्य नव्हते. बाण मारून झाल्यावर भोवती वर्तुळ काढण्याचा मोह सर्वच शास्त्रांत असतो. अनुदानाच्या आराखड्याने तो येथे आधीच बंद केला.

तथापि या निष्कर्षाच्या मर्यादाही वैद्याने जाणल्या पाहिजेत, अन्यथा प्रतिपक्षाने त्या दाखवून दिल्यावर आपली पंचाईत होते. ४४० रुग्णांच्या या चाचणीत निष्क्रिय औषधाचा गट नव्हता आणि २८ टक्के रुग्णांनी मध्येच चाचणी सोडली. शिवाय ज्या ग्लुकोसमाइनशी तुलना केली, त्याच्याच परिणामकारकतेविषयी जगात मतभेद आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या निधीतून १६ केंद्रांवर १५८३ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एकूण रुग्णांचा विचार करता ग्लुकोसमाइन निष्क्रिय गोळीपेक्षा लक्षणीय सरस ठरले नाही. त्या चाचणीत निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकीही ६० टक्क्यांना बऱ्यापैकी आराम वाटला, तर सेलेकोक्सिब घेणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांना.

या ६० टक्क्यांचा विचार आपण आपल्या दवाखान्यात बसून शांतपणे करावा. संधिगतवाताची वेदना ऋतूप्रमाणे, कामाप्रमाणे आणि वैद्यावरील श्रद्धेप्रमाणे कमी-अधिक होत असते. वेचणीचा हंगाम संपला की गुडघा आपोआप थोडा हलका होतो. "माझ्या औषधाने दहापैकी सहांना गुण आला" हे विधान खरे असले तरी औषधाच्या गुणाविषयी त्यातून फारसे सिद्ध होत नाही. तुलनेसाठी दुसरा गट असल्याखेरीज औषध किती आणि काळ किती, हे वेगळे काढता येत नाही. असा गट उभा करणे एकट्या वैद्याला आर्थिकदृष्ट्या अशक्य असते. शासकीय अनुदानाची खरी आवश्यकता या ठिकाणी आहे.

सात रुग्ण

या अहवालातील सर्वांत महत्त्वाचा भाग आपल्याकडे क्वचितच चर्चिला जातो. चाचणीच्या काळात २६ रुग्णांमध्ये यकृताशी संबंधित एस.जी.पी.टी. हे मान वाढलेले आढळले. त्यांना लक्षणे नव्हती आणि यकृताच्या इतर तपासण्या स्वाभाविक होत्या. आयुर्वेदीय योग घेणाऱ्या सात रुग्णांना चाचणीतून वगळण्यात आले आणि औषध बंद केल्यावर त्यांचे मान पूर्ववत झाले. संशोधकांनी हे लपविले नाही. ही वाढ अनपेक्षित असून सुरक्षिततेचा आणखी अभ्यास आवश्यक आहे, असे त्यांनी अहवालाच्या सारांशातच नमूद केले.

लक्षणे नसलेल्या रुग्णाचे यकृत तपासावे, असे दवाखान्यात कोणाच्याही मनात आले नसते. अनुदानाच्या आराखड्यात ठराविक अंतराने रक्ततपासणी बंधनकारक होती, म्हणून ही गोष्ट दिसली. 'वनौषधी म्हणजे निरुपद्रवी' हा समज सामान्य जनांचा असू शकतो. वैद्याचा असू नये. योग्य रीतीने न योजलेले औषध विषाप्रमाणे ठरते, हा विचार आपल्या संहितांचाच आहे.

पुढे काय झाले ते वाचकांच्या स्मरणात असेल. कोविडच्या साथीत गुळवेल घरोघरी पोचली. गुळवेल घनवटी, काढा, ताज्या कांडांचा रस, जे मिळेल ते आणि वाटेल तितके दिवस लोक घेत राहिले. त्यांतील पुष्कळांनी वैद्याला विचारलेही नव्हते. २०२१ मध्ये मुंबईतील काही यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमध्ये यकृतविकार आढळल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये त्याचा प्रतिवाद करताना, रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुडूचीच होती याची खात्री केली गेली नसल्याचे आणि तिच्याशी साम्य असणाऱ्या अन्य जातींमुळे घोटाळा होऊ शकत असल्याचे निदर्शनास आणले. वृत्तपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून दोन्ही बाजूंनी बरेच बोलले गेले. ती अगदी विगृह्य संभाषा होती.

निमिटलीच्या अहवालाकडे या पार्श्वभूमीवर पुन्हा पाहावे. तेथील योगांत गुडूची होती. परंतु अन्य द्रव्येही होती, म्हणून दोष गुडूचीचाच, असे त्यावरून म्हणता येत नाही. तसेच गुडूची निःशंकपणे निर्दोष, असेही म्हणता येत नाही. अधिक अभ्यास हवा, एवढेच म्हणता येते आणि ते २०१३ मध्येच छापले गेले होते. २०२१ मध्ये वाद पेटला तेव्हा आपल्यापैकी किती जणांजवळ गुळवेल दिलेल्या रुग्णांची मात्रा, कालावधी आणि यकृतचाचणी यांची लेखी नोंद होती? अशा शंभर-दोनशे नोंदी जरी प्रत्येक जिल्ह्यातून निघाल्या असत्या, तरी तो वाद अनुमानांवर न लढता प्रत्यक्ष प्रमाणावर मिटविता आला असता. रुग्णाचे हित आणि शास्त्राची प्रतिष्ठा, दोन्ही त्या नोंदींवर अवलंबून होते.

अनुदान काय मागते

अनुदान म्हणजे बक्षीस नव्हे, हे मुद्दाम सांगावे लागते. त्याबरोबर काही बंधने येतात आणि ती माहीत नसल्यामुळे अनेक चांगले प्रस्ताव अडतात.

पहिले बंधन हिशेबाचे. मनुष्यबळ, उपकरणे, उपभोग्य वस्तू, प्रवास, आकस्मिक खर्च अशा शीर्षांखाली निधी येतो आणि एका शीर्षाचा पैसा परवानगीशिवाय दुसऱ्यावर खर्च करता येत नाही. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. पुढचा हप्ता त्यावरच अवलंबून असतो.

दुसरे बंधन नीतीचे. मनुष्यावरील कोणत्याही अभ्यासाला नैतिकता समितीची पूर्वसंमती आणि प्रत्येक रुग्णाची, त्याला समजेल अशा भाषेतील, लेखी संमती आवश्यक आहे. जुलै २००७ मध्ये सुरू झालेल्या 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया' या राष्ट्रीय नोंदवहीत, पहिला रुग्ण घेण्यापूर्वी चाचणीची नोंद व्हावी लागते. प्रतिकूल निकाल आला तर तो गुंडाळून ठेवता येऊ नये, हा त्यामागील हेतू. आयुष विभागाने २०१३ मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांच्या चाचण्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली आहेत.

तिसरे बंधन भागीदारांमधील कराराचे, आणि औषधी निर्मात्यांच्या दृष्टीने ते सर्वांत नाजूक. योग कोणाचा, प्रक्रिया कोणाची, पेटंट झाल्यास त्यात वाटा कोणाचा, निकाल कोणी व केव्हा प्रसिद्ध करायचा, हे आरंभीच लिहून घ्यावे लागते. मैत्रीच्या भरवशावर सुरू झालेली भागीदारी पहिल्या यशानंतरच मोडते, हा व्यवहारातला अनुभव आहे. वडिलोपार्जित पाठ सांगण्याची अनेक वैद्यकुलांची तयारी नसते. ते समजण्यासारखे आहे. गोपनीयतेचा लेखी करार हे त्यावरील उत्तर आहे. मौन हे उत्तर नव्हे, कारण न सांगितलेला पाठ वैद्याबरोबरच जातो.

परभणीतून काय शक्य आहे

हे सारे पुण्या-मुंबईच्या संस्थांसाठी ठीक, आमच्या जिल्ह्याचा त्यात काय संबंध, असा प्रश्न येथे येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी आपल्याकडे काय आहे ते मोजावे.

१९७२ मध्ये स्थापन झालेले आणि २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणारे मराठवाडा कृषी विद्यापीठ परभणीतच आहे. वनस्पतीची ओळख, लागवड, काढणीचा काळ आणि मृदा यांविषयी तेथे असलेले ज्ञान कोणत्याही औषधी कारखान्याजवळ नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ पासून जिल्ह्यात सुरू झाले आहे. अस्थिरोग, शरीरविकृती आणि जीवरसायन हे विभाग त्यामुळे हाकेच्या अंतरावर आले. नऊ तालुक्यांत विखुरलेले वैद्य आणि त्यांच्याकडे येणारा रुग्णवर्ग ही तिसरी बाजू. परवानाधारक औषधी निर्माते ही चौथी. चिकित्सेच्या चतुष्पादात भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चारही पाद गुणवान असावे लागतात. संशोधनाच्या या चतुष्पादालाही तोच नियम लागू आहे. पाद चारही आहेत, त्यांना जोडणारा दुवा नाही.

तो दुवा आपली संघटना होऊ शकते. एकट्या वैद्याचा प्रस्ताव सहसा टिकत नाही, कारण निधी देणाऱ्या खात्याला जबाबदार संस्था हवी असते. आयुष मंत्रालयाची बाह्यसंस्थांसाठीची संशोधन योजना २०२१-२२ पासून 'आयुर्ज्ञान' या छत्राखाली आहे. जैवतंत्रज्ञान क्षेत्रात २०१२ मध्ये स्थापन झालेल्या 'बायरॅक'च्या 'बिग' योजनेत, नवीन कल्पनेचे प्राथमिक प्रमाण उभे करण्यासाठी १८ महिन्यांकरिता ५० लाख रुपयांपर्यंतचे अनुदान दिले जात आले आहे. अर्ज करण्यापूर्वी त्या त्या वर्षीची अधिसूचना पाहावी. सर्व योजनांत परीक्षक जे प्रश्न विचारतात ते मात्र सारखेच असतात : प्रश्न नेमका आहे काय, पूर्वानुभवाची नोंद आहे काय, औषध दर वेळी तेच असेल याची हमी काय, आणि सोबत कोण आहे?

यांपैकी दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नाची तयारी करण्यास कोणत्याही अनुदानाची आवश्यकता नाही.

वैद्यांपुरते बोलायचे तर एका व्याधीसाठी, समजा संधिगतवातासाठी, जिल्ह्यातील वैद्यांनी एकच नोंदपत्रक वापरावे. वय, व्यवसाय, प्रकृती, सामावस्था, वेदनेचे माप, दिलेले औषध, मात्रा, निर्माता व त्याचा बॅच क्रमांक, सोबत चालू असलेली आधुनिक औषधे आणि दीर्घकाळ औषध चालणार असेल तेथे आरंभी व तीन महिन्यांनी यकृत व वृक्क यांची चाचणी, एवढे रकाने पुरेत. दहा वैद्यांनी वर्षभर हे केले तर जो संग्रह तयार होईल, तो कोणत्याही प्रस्तावाचा पाया ठरेल. अशा संग्रहाने परिणामकारकता सिद्ध होत नाही, हे वर सांगितलेच आहे; परंतु कोणता प्रश्न विचारावा ते कळते. भिगवणची पाहणीही घरोघरच्या प्रश्नपत्रिकेपासूनच सुरू झाली होती. औषधाने अपाय झाल्याची शंका येताच ती आयुष औषधांसाठीच्या औषधदक्षता यंत्रणेस कळवावी. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था तिचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे. तक्रार कळविल्याने आपल्या शास्त्राला कमीपणा येतो, असे मानणे बरोबर नाही. सात रुग्णांची नोंद उघडपणे छापल्यामुळेच निमिटलीच्या अहवालावरील विश्वास वाढला.

औषधी निर्मात्यांचे काम कच्च्या मालापासून सुरू होते. बाजारात 'गुळवेल' म्हणून येणाऱ्या पोत्यात एकाहून अधिक जातींची कांडे असू शकतात. सुंठ, आवळकाठी, सालईचा डिंक यांच्या प्रतीतही हंगामाप्रमाणे व व्यापाऱ्याप्रमाणे फरक पडतो. प्रत्येक खेपेचा नमुना तारीख व पुरवठादार यांच्या नोंदीसह राखून ठेवणे आणि शंका असेल तेव्हा कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांकडून ओळख पटवून घेणे, हे आजच करता येईल. औषध नियमावलीत २०१० मध्ये समाविष्ट झालेल्या नियम १५८-ब नुसार प्रोप्रायटरी औषधाच्या परवान्यासाठी परिणामकारकतेचा पुरावा अपेक्षित आहे. म्हणजे हा खर्च संशोधनाची हौस म्हणून करावयाचा नाही. व्यवसायाची पुढची वाट त्याच दिशेने जाते.

पैशानंतर काय उरते

निमिटली प्रकल्पाचा निधी कधीच संपला. त्याचे एक फळ मात्र अनेक वर्षांनी दिसले. कोविडच्या काळात 'आयुष-६४' या योगाची चाचणी घेण्याचे ठरले. सप्तपर्ण, कटुकी, किराततिक्त आणि कुबेराक्ष यांचा हा योग केंद्रीय आयुर्वेदीय संशोधन परिषदेने १९८० च्या सुमारास विषमज्वरासाठी सिद्ध केला होता. चाचणीसाठी आयुष मंत्रालय व वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद एकत्र आल्या आणि समन्वयाची जबाबदारी डॉ. चोप्रा यांच्याकडे आली. लखनौ, वर्धा आणि मुंबई अशा तीन केंद्रांवर सौम्य व मध्यम आजाराच्या १४० रुग्णांना, ७० व ७० असे गट करून, अभ्यासले गेले आणि एप्रिल २०२१ मध्ये मंत्रालयाने तिचे निष्कर्ष जाहीर केले. ती चाचणी अंधपद्धतीची नव्हती, ही तिची मर्यादा. पण भर साथीत, काही महिन्यांत, वैद्य व आधुनिक चिकित्सक एका आराखड्यावर काम करू शकले. एकमेकांची भाषा शिकण्याचे काम त्यांच्यातील काहींनी संधिगतवाताच्या निमित्ताने आधीच केले होते, हे त्यामागचे एक कारण म्हणावे लागेल.

उपकरणे जुनी होतात, कर्जे फिटतात, अहवाल कपाटात जातात. सहकार्याची सवय तेवढी उरते आणि पुढच्या संकटात तीच कामाला येते. परभणी जिल्ह्यात ती सवय लावण्याचा आरंभ एका व्याधीच्या एका नोंदपत्रकाने करता येईल. संघटनेच्या पुढील सभेत हे पत्रक ठरविण्याचा विषय घ्यावा, कृषी विद्यापीठातील व वैद्यकीय महाविद्यालयातील एकेका तज्ज्ञास त्या सभेचे निमंत्रण द्यावे आणि ज्यांची तयारी असेल अशा दहा वैद्यांची व दोन-तीन निर्मात्यांची नावे त्याच दिवशी लिहून घ्यावीत, अशी विनंती करून हा लेख पुरा करतो. अलं विस्तरेण.